सफेद गांवचा निळा धागा

अलिबागच्या इस्रायल आळींत ज्यांचें जाणेंयेणें आहे, अशा वाचकांस बेने इस्रायल मंडळींची ओळख नव्यानें करून देण्याचें कारण नाहीं. इतरांसाठीं इतकेंच सांगतों कीं, फार पूर्वीं नवगांवच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या आणि त्यांच्यापासून आपला वंश कोंकणांत वाढला, अशी या लोकांची परंपरागत समजूत आहे. धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारीं घाणा बंद. म्हणून गांवकऱ्यांनीं त्यांस 'शनवार तेली' हें नांव दिलें. आडनांवें आपल्यासारखींच गांवांवरून पडलेलीं, घरांतली भाषा मराठी, आणि आपल्या प्रार्थनामंदिरास 'मशीद' म्हणण्याचा प्रघात. १९४८ सालीं इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर यांतलीं बहुतेक कुटुंबें हळूहळू तिकडे गेलीं. आमच्या मातोश्रींची एक बालमैत्रीण अशीच १९६१ सालीं आईबापांबरोबर गेली. त्यांस आम्ही मावशी म्हणतों.

सन २०१८ ची दिवाळी आटोपून आम्ही सहकुटुंब मावशींकडे गेलों. सामानांत चार किलो पातळ पोहे होते. कोणतेंही शुभकार्य असलें म्हणजे एलिया पैगंबराच्या नांवानें पोहे, खोबरें, साखर व फळें यांचा मलिदा करावयाचा, ही कोंकणची रीत मावशींनीं तिकडेही सोडलेली नाहीं. पण पोहे मात्र "आपल्याकडचेच हवे" असा त्यांचा आग्रह. या खेपेचें शुभकार्य म्हणजे नातवास तेरा वर्षें पुरीं होत होतीं. त्या वयास यहुदी मुलगा आपल्या धर्मकृत्यांस स्वतः जबाबदार होतो. आपल्याकडील मुंजीची आठवण व्हावी असाच हा प्रसंग. आपल्याकडे बटूच्या गळ्यांत जानवें येतें, तर त्यांच्याकडे खांद्यावर प्रार्थनेची शाल येते. तिला 'तालीत' म्हणतात.

वास्तविक आजोबांची शाल नातवास मिळावयाची. पण ती राहत नाहीं. पुरुष वारला म्हणजे त्याला त्याच्याच तालीतांत गुंडाळून, तिच्या एका कोपऱ्याचा गोंडा कापून दफन करण्याची चाल आहे. मावशींचे यजमान असे आपली शाल घेऊन गेले होते. म्हणून नवी शाल करावयाची, आणि ती दुकानांतली तयार न घेतां मुद्दाम विणवून, रंगवून, शिवून घ्यावयाची, असें ठरलें होतें. परंतु धागा पांढरा कीं निळा, यावरून घरांत दोन पक्ष पडले होते.

हा वाद समजण्यास थोडें धर्मशास्त्र सांगितलें पाहिजे. शालीस पावित्र्य येतें तें तिच्या विणीनें नव्हे, तर चार कोपऱ्यांना बांधलेल्या गोंड्यांनीं. या गोंड्यांस 'सीसीथ' म्हणतात. तोरेंतील 'गणना' या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायांत अशी आज्ञा आहे कीं, वस्त्राच्या कोपऱ्यांना गोंडे लावावे व त्यांत एक निळा धागा घालावा. या निळ्या रंगाचें नांव 'तेखेलेत'. रब्बी मेईर म्हणत कीं, हा निळा समुद्रासारखा, समुद्र आकाशासारखा, आणि आकाश परमेश्वराच्या सिंहासनासारखें. म्हणून सर्व रंगांत याची निवड झाली. मात्र हा रंग 'हिल्लाझोन' नांवाच्या समुद्रांतील जीवापासून काढलेला असावा, असा दंडक होता. सातव्या शतकांत अरबांनीं तो मुलुख जिंकल्यानंतर ही विद्या लुप्त झाली, आणि पुढें तेराशें वर्षें यहुदी लोक नुसते पांढरे गोंडे बांधीत आले. आतां ती विद्या पुन्हा सांपडली आहे असें कित्येक म्हणतात, तर परंपरेनें हातीं न आलेली वस्तु खरी कशी मानावी, असें कित्येक विचारतात. नातवाला निळा धागा हवा होता. त्याच्या वडिलांचें म्हणणें असें कीं, "माझ्या बापानें जन्मभर पांढराच वापरला. त्याच्याहून मी अधिक शहाणा नाहीं."

मावशींनीं कोणाचीच बाजू घेतली नाहीं. निघण्याच्या आदल्या रात्रीं त्यांनीं पत्र्याची जुनी ट्रंक उघडून आपल्या लग्नांतला शालू बाहेर काढला. त्याचा इतिहास आमच्या मंडळींस ठाऊक नव्हता. तो येथें सांगणें प्राप्त आहे. १९६२ सालीं मावशींचें लग्न बगदादहून आलेल्या एका यहुदी तरुणाशीं ठरलें. त्याच सालीं तेथील धर्मखात्यानें असा हुकूम काढला होता कीं, बेने इस्रायल व इतर यहुदी यांचा विवाह नोंदण्यापूर्वीं त्या कुटुंबाच्या मातृवंशाची, जितक्या मागें जातां येईल तितकी, चौकशी करावी. एका कचेरींत मावशींकडे आईच्या आईचे कागद मागितले. अलिबागच्या आळींत असले कागद कोणाजवळ असणार? शालू आला होता, वर तयार होता, आणि लग्न मात्र दोन वर्षें अडून राहिलें. १९६४ च्या उन्हाळ्यांत बेने इस्रायलांनीं यरुशलेमांत धरणें धरलें. ऑगस्टांत तेथील लोकसभेनें हे लोक सर्व बाबतींत इतरांसारखेच यहुदी आहेत असें जाहीर केलें, आणि तो हुकूम मागें पडला. मग शालू ट्रंकेंतून निघाला. त्या दोन वर्षांतलीं मावशींचीं पत्रें आमच्या मातोश्रींनीं अजून जपून ठेविलीं आहेत.

मावशींचे चिरंजीव मोटर हांकीत होते. लोदहून समुद्राच्या कडेनें उत्तरेस गेलें म्हणजे कार्मेल डोंगराच्या पायथ्याशीं हायफा शहर लागतें. त्याच्या दक्षिण अंगास, अगदीं पाण्याला लागून, शिकमोना नांवाचें एक टेकाड आहे. दिसण्यांत कांहीं विशेष नाहीं. दगडांच्या पडक्या भिंती, वाळकें गवत आणि पलीकडे भूमध्य समुद्र. परंतु येथें उत्खननांत जांभळ्या रंगाचे डाग पडलेलीं मातीचीं मोठालीं भांडीं सांपडलीं आहेत, आणि येशूच्या पूर्वीं अकराव्या शतकापासून सहाव्या शतकापर्यंत येथें समुद्री गोगलगाईंपासून रंग काढण्याचा मोठा कारखाना होता, असें संशोधकांनीं २०२५ सालीं प्रसिद्ध केलें. याच किनाऱ्यावर आणखी उत्तरेस, आतां लेबनॉनच्या हद्दींत, सोर हें प्राचीन बंदर आहे. तेथील जांभळा रंग इतका मोलाचा होता कीं, रोमच्या कांहीं बादशहांनीं उंची जांभळीं वस्त्रें इतरांनीं वापरण्यास बंदी केली होती. रंग काढणें किती जिकिरीचें, हें एका आंकड्यानें कळेल: १९०९ सालीं फ्रीडलेंडर नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें १२,००० गोगलगाई फोडल्या, तेव्हां त्याच्या हातीं १.४ ग्रॅम रंग आला.

नातवानें वाळूंतून एक रिकामा शंख वेंचून आणिला. अंगठ्याएवढा, खडबडीत, आंतून तपकिरी पट्टे. आमच्या मंडळींनीं तो लांबूनच पाहिला आणि नाक मुरडून म्हटलें, "इश्श! देवाच्या कामाला गोगलगाईचा रंग?"

मावशी हंसून म्हणाल्या, "आणि तुझा सोंवळ्याचा मुकटा कशाचा गं? किडेच उकळले ना त्यासाठीं?"

यावर उत्तर नव्हतें. यहुद्यांनाही हा जीव खाणें निषिद्धच आहे. पण त्याचा रंग मात्र धर्मकृत्याला लागतो. रेशीम, कस्तुरी, गोरोचन यांच्या बाबतींत आपणही असेंच करीत आलों आहों.

हायफा मागें टाकून रस्ता गालीलच्या डोंगरांत चढतो. सफेद गांव समुद्रसपाटीपासून सुमारें ९०० मीटर उंच, म्हणजे माथेरानाहून किंचित् उंच आहे. तेथील लोक त्यास 'त्स्फात' म्हणतात. आपल्या 'सफेद' शब्दाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, आणि गांवांत डोळ्यांत भरतो तो रंग तर निळाच. दारें निळीं, खिडक्या निळ्या, कित्येक भिंतींना आणि थडग्यांनाही निळा हात दिलेला. १४९२ सालीं स्पेनमधून हांकलून दिलेल्या यहुद्यांपैकीं पुष्कळ जण सोळाव्या शतकांत येथें येऊन राहिले. त्यांनीं लोंकर विणण्याचा धंदा आणिला, आणि विद्याही आणिली. आपल्या निर्णयसिंधूसारखा ज्याचा अधिकार चालतो तो 'शुल्खान आरूख' हा ग्रंथ योसेफ कारो यांनीं याच परिसरांत रचिला; तो १५६५ सालीं व्हेनिस येथें छापला गेला. १८३७ च्या भूकंपानें गांव जमीनदोस्त झाला होता. आम्ही गेलों तेव्हां सर्वत्र स्वस्थता होती. पुढें २०२४ सालीं सरहद्दीपलीकडून येथें अग्निबाण येऊन पडल्याचें वाचलें, तेव्हां त्या उतरत्या गल्ल्या आणि पायऱ्या डोळ्यांपुढें उभ्या राहिल्या.

रंगाऱ्याचें घर अशाच एका गल्लींत होतें. आपलें नांव छापूं नये अशी त्याची इच्छा, म्हणून त्यास रंगारी एवढेंच म्हणतों. वय चाळिशीचें, नखें निळीं. आपल्याकडच्या निळाऱ्याला कोणी सफेद गांवीं नेऊन बसविलें असतें, तरी तो येथें परका वाटला नसता.

इस्रायलच्या किनाऱ्यावर या गोगलगाई धरण्यास बंदी आहे. म्हणून रंगद्रव्य बाहेरदेशाहून येतें. रंगाऱ्यानें आम्हांस एका कुपींतली काळसर जांभळी पूड दाखविली. जिवंत प्राण्याच्या ग्रंथींत हा रंग नसतो. तेथें असतो एक पाण्यासारखा रस. ग्रंथी फुटून वारा लागला म्हणजे तो पिवळा, हिरवा होत होत जांभळा होतो. ही पूड त्यानें क्षाराच्या पाण्यांत घालून, हवेंतला प्राणवायु निघून जावा म्हणून दुसरें एक द्रव्य टाकून, भांडें झांकून मंद ऊन केली. थोड्या वेळानें झांकण काढलें, तों जांभळा रंग नाहींसा होऊन पाणी पिवळट हिरवें झालेलें. मग भांडें अंगणांत उन्हांत नेऊन ठेविलें.

या उन्हांतच सगळी मख्खी आहे. पुष्कळ वर्षें कोडें असें होतें कीं, या गोगलगाईचा रंग जांभळा येतो. मग शास्त्रांतला आकाशासारखा निळा कोठून आणावा? ओट्टो एल्स्नर हे रामत गन येथील शेंकार विद्यालयांत १९८० नंतर या रंगावर प्रयोग करीत होते. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, आभाळ आलेलें असतां लोंकर जांभळी निघते, आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशीं निळी. त्या पिवळट पाण्यावर ऊन पडलें म्हणजे रंगद्रव्यांतला ब्रोमीन सुटून जातो आणि शिल्लक राहते ती शुद्ध नीळ. होय, नीळच. आपल्या शेतांत होणाऱ्या निळीच्या झुडपांत जें द्रव्य, तेंच हें.

आणि येथेंच खरी गंमत, किंवा खरी पंचाईत आहे. जुन्या रब्बींना ही गोष्ट रसायनशास्त्रावांचून माहीत होती. 'काला इलान' नांवाच्या वनस्पतीचा रंग तेखेलेतासारखाच दिसतो, आणि लबाड व्यापारी तो खरा म्हणून विकतात, हें तालमूदांत स्पष्ट सांगितलें आहे. ही वनस्पति म्हणजे नीळ, असें विद्वान् मानतात. खोटीं वजनें वापरणाराच्या जोडीला त्या व्यापाऱ्याला बसविलें असून, मिसर देशांत ज्यानें ज्येष्ठ पुत्र कोणता हें अंधारांत ओळखलें, तोच देव याचाही हिशेब घेईल, असा धाक घातला आहे. कारण माणसाच्या डोळ्याला तें ओळखतां येत नाहीं. आपल्या उत्तर हिंदुस्थानांत 'नील का माठ बिगड़ना' म्हणजे भलतीच अफवा उठणें. निळीचा माठ बिघडला कीं निळारी खोटी बातमी पसरवितो आणि माठ ताळ्यावर येतो, अशी जुनी समजूत. निळीचा आणि खोट्याचा संबंध दोन्ही देशांत जडावा, हें चमत्कारिक खरें.

अर्थात् चूक होणें म्हणजे लबाडी नव्हे. पोलंडांतील राडझिन येथील रब्बी गेर्शोन हेनोख लाइनर यांनीं १८८७ च्या सुमारास तेखेलेत शोधण्याचा ध्यास घेतला, नेपल्सच्या मत्स्यालयापर्यंत प्रवास केला, आणि माखुळ माशाच्या शाईपासून निळा रंग करून हजारों अनुयायांच्या गोंड्यांत घातला. पुढें आयझॅक हर्झोग यांनीं, जे नंतर मुख्य रब्बी झाले, लंडन विश्वविद्यालयाच्या १९१३ सालच्या आपल्या प्रबंधाच्या निमित्तानें तो रंग तपासवून घेतला. तो लोखंडापासून होणारा प्रशियन निळा निघाला. त्यांत माशाचें असें कांहींच उरलें नव्हतें. राडझिनच्या रब्बींची निष्ठा मात्र अस्सल होती, आणि त्यांचे अनुयायी आजही तोच धागा बांधतात.

ऊन घेतलेल्या पाण्यांत लोंकरीची लडी बुडविण्यापूर्वीं रंगारी थांबला आणि त्यानें मोठ्यानें कांहीं उच्चारलें. नातवानें मोडक्या मराठींत आम्हांस समजावलें: "तो म्हणतो, सीसीथसाठीं म्हणून रंगवतों." हा त्यांचा संकल्प. कातणें, पिळणें, रंगविणें, सर्व त्याच हेतूनें झालें पाहिजे. रंग बसतो कीं नाहीं हें पाहण्यापुरता धागा बुडविला तर तो धागा तर बादच, पण सगळें भांडेंही बाद. म्हणून जुने रंगारी थोडा रंग अंड्याच्या कवचांत वेगळा काढून त्यांत परीक्षा करीत. लडी बाहेर आली ती पोपटी. वाऱ्यावर धरतांच पाहतां पाहतां कडांनीं निळी पडूं लागली आणि पांचसात मिनिटांत सबंध निळी झाली. मावशी एक शब्द न बोलतां पाहत होत्या.

मग त्यांनीं नातवाकरवीं विचारलें, "हा निळा आणि आमच्याकडची नीळ, फरक काय?"

"डोळ्यांना कांहीं नाहीं," रंगारी म्हणाला. "प्रयोगशाळेंत नेलेंत तर कदाचित् ब्रोमीनचा अंश सांपडेल."

"मग मीं कसें ओळखावें?"

रंगारी आंत गेला आणि शिक्का मारलेलें एक प्रमाणपत्र घेऊन आला. मावशींनीं तें हातांतही घेतलें नाहीं.

"कागद नको," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे कागद फार मागून झाले. तूं तोंडानें सांग."

नातवानें हें हिब्रूंत सांगितलें तेव्हां त्याचे वडील खिडकीकडे तोंड करून उभे होते. रंगारी क्षणभर मावशींकडे पाहत राहिला. मग कागद बाजूला ठेवून, ओल्या लडीवर हात ठेवून त्यानें सांगितलें कीं, हा धागा मीं गोगलगाईच्याच रंगांत, सीसीथसाठींच रंगविला आहे. मावशींनीं पैसे मोजून दिले. पांढऱ्या धाग्याच्या कितीतरी पट किंमत होती ती. पण त्यांनीं घासाघीस केली नाहीं, आणि ज्यांनीं मावशींना बाजारांत पाहिलें आहे त्यांना यांतलें महत्त्व कळेल.

शाल विणणाऱ्या बाई दोन गल्ल्या पलीकडे राहत. माग हातचा, लोंकर पांढरी, कडेला काळे पट्टे. कांहींच्या मतें निळा धागा गेल्यावर त्याची आठवण म्हणून हे पट्टे आले. इस्रायलच्या निशाणावरचे दोन निळे पट्टे तर या शालीवरूनच घेतले आहेत. शाल विणून तयार होती, शिवण बाकी होतें. गळ्याशीं येणाऱ्या कडेवर एक पट्टी शिवतात, तिला 'अतारा' म्हणजे मुकुट म्हणतात. ती शालूच्या कांठाची करावयाची, असें मावशींचें ठरलेलें होतें.

बाईंनीं प्रथम हरकत घेतली. लोंकर आणि अळशीच्या वाखाचा धागा एका वस्त्रांत एकत्र आणणें तोरेनें निषिद्ध केलें आहे. शिवणाचा दोरा जरी वाखाचा असला तरी शाल निरुपयोगी. परदेशी कांठांत काय आहे कोणास ठाऊक! मावशी म्हणाल्या, हें बनारसी रेशीम. बाईंनीं कांठाच्या उलट्या बाजूचे दोनचार धागे उसवून भिंगाखालीं धरले, जळते कसे तें पाहिलें, आणि मग मान हलविली. रेशमाला मज्जाव नाहीं.

कांठ कापतांना आमच्या मंडळींनीं शालू ताणून धरला होता. ट्रंकेंत दोन वर्षें एकाच घडीवर पडल्यामुळें त्या घडीवरची जर काळवंडून चिरली होती. बाईंनीं दुसऱ्या टोंकाचा चांगला तुकडा घ्या म्हणून सुचविलें. मावशींनीं कात्री नेमकी काळ्या घडीच्या दोहों बाजूंनीं चालविली. "हाच घ्यायचा," एवढेंच म्हणाल्या. मग चष्मा पुसून स्वतः शिवावयास बसल्या. बारीक उलटी टीप, हात किंचित् कांपत असूनही सरळ. कोपऱ्यांवर मजबुतीसाठीं चौकोनी ठिगळें, आणि कडेपासून तीन बोटांच्या आंत एकेक भोंक, हें काम बाईंनीं केलें.

सीसीथ बांधण्याचें काम राहिलें. एका भोंकांतून चार धागे ओंवून दुमडले म्हणजे आठ पदर होतात. निळा किती घालावा यावर पूर्वाचार्यांत एकमत नाहीं: कोणी आठांत एक पदर सांगतात, कोणी दोन, कोणी चार. आम्हांस वाटलें, आतां पुन्हा वाद पेटणार. पण मावशींचे चिरंजीव पुढें झाले, त्यांनीं तीन पांढरे धागे व एक निळा असे वेगळे काढले आणि आईकडे न पाहतां बांधावयास लागले. दुहेरी गांठ, मग सात वेढे, पुन्हा गांठ, आठ वेढे, मग अकरा, मग तेरा. गांठी पांच, वेढे एकूण ३९. मुलगा बोटांवर मोजीत होता. आमच्या मंडळींनीं हळूच विचारलें, जानव्याला ९६ चव्वे आणि ब्रह्मगांठ, तसेंच ना? तसेंच म्हणावयाचें, फक्त त्यांची गांठ त्या दिवशीं तीनदां चुकली आणि तीनदां सोडावी लागली. चौथा कोपरा पुरा झाला तेव्हां दिवेलागण झाली होती.

पदर सारखे करतांना निळ्या धाग्याचीं टोंकें कापून पडलीं होतीं. मावशींनीं त्यांतला वीतभर तुकडा कागदांत गुंडाळून आमच्या मंडळींच्या हातीं दिला. "तुझ्या सासूबाईंना दाखव. म्हणावें, हा रंग बघ."

अलिबागेस परत आल्यावर मातोश्रींनीं चष्मा लावून तो धागा खिडकीशीं नेला, उजेडांत उलटसुलट करून पाहिला, आणि त्या म्हणाल्या, "अगो, ही तर आपली नीळच!" मग आम्हीं पहिल्यापासून सगळी हकीकत सांगितली, प्रमाणपत्राची गोष्ट त्यांनीं दोनदां सांगावयास लाविली. नंतर उठून त्यांनीं कपाटांतलें पत्रांचें पुडकें काढलें, १९६२ सालच्या एका पत्राच्या घडींत तो धागा ठेवून दिला, आणि पुडक्याची दोरी पुन्हा बांधली.